ताईचा प्रश्न

भाऊबीजेला बहिणीकडे जावे, पाटावर बसावे, ओवाळून घ्यावे आणि ताटात काही घालून मोकळे व्हावे, इतके हे नाते सोपे असते तर काय हवे होते!

माझी थोरली बहीण वाशीम जिल्ह्यात, इंझोरीला असते. यंदा पावसाळ्यात ती आठ दिवस आमच्याकडे शहरात राहून गेली. निघायच्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडा ठेवलेला एक कप तिला दिसला. तो आमच्या भांडीवालीचा.

“काहून रे, हा निराळा काहून? तिनं घासलेल्या ताटात तुले जेवता येते, अन् तिचा कप फडताळात चालत नाही?”

मला राग आला. पाहुण्याने यजमानाच्या घरात लक्ष घालू नये, असे काहीसे मी बोललो. ताई मुकाट्याने गाडीत बसली. या भाऊबीजेला जायचेच नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले.

अशातच सावित्रीबाई फुल्यांचे एक पत्र वाचनात आले. १० ऑक्टोबर १८५६ चे, माहेराहून, म्हणजे नायगावहून, जोतीरावांना लिहिलेले.

त्या काळी मुलगी खेळायच्या वयात सासरी जाई. सावित्रीबाईंचे लग्न १८४० साली, नवव्या वर्षी झाले. सणावाराला माहेरचे मूळ यायचे. मुराळी होऊन येणाऱ्या भावाची वाट पहाटेच्या जात्यावर, ओव्यांतून पाहिली जायची. सासुरवाशिणीचा केवढा आधार तो! त्याला दुखवणे कोणीला परवडणार?

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून नायगावला आल्या होत्या. भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली. पत्रात त्याचे कौतुक आहे. पण बोलता बोलता तो म्हणाला की महार-मांगांना शिकवता म्हणून तुम्हा नवराबायकोला वाळीत टाकले, ते योग्यच झाले. आईला हे बोलणे लागले. सावित्रीबाई मात्र उपकाराच्या ओझ्याखाली गप्प बसल्या नाहीत. गाईबकऱ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ का, असे त्यांनी त्याला तोंडावर विचारले. भावाने ऐकून घेतले. शेवटी त्याला पश्चात्ताप झाला, त्याने क्षमाही मागितली.

पत्र मिटले आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांच्या त्या काळातल्या एका भावाने बहिणीचा प्रश्न एका बैठकीत मनावर घेतला. मी शिकलासवरलेला, मला दिवाळी यावी लागली.

खिडकीतला कप आता फडताळात, बाकीच्या कपांत जाऊन बसला आहे. त्यातला तो कोणता, हे आता मलाही ओळखता येत नाही.

भाऊबीजेला इंझोरीला जाणार आहे. ताटात घालायचे लुगडे सौभाग्यवतीने कालच आणले. ते मी देईनच. पण आधी पाटावर बसून ताईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.