पणजीत रात्री काय असतं?

दर डिसेंबरात मला एक ठरावीक मेल येते. (हल्ली मेल नाही, व्हॉट्सॲप. मजकूर तोच.) "आत्या, आम्ही पाचजण सॅक टाकून येतोय. बीचवर महाग आहे म्हणून होस्टेल पणजीत घेतलंय. दिवसा काय बघायचं आणि रात्री नाईटलाईफ कुठे, पटकन सांग ना." पाठवणारा कधी भावाचा मुलगा, कधी नणंदेची मुलगी (तिथे मी मामी), कधी ऑफिसातल्या कुणाचा कुणीतरी. उत्तराची वाट बघायला कुणालाच वेळ नसतो, कारण उत्तर त्यांच्याकडे आधीच असतं. नेटवर एक यादी फिरते. सकाळी फोंतेन्हासमध्ये रंगीत भिंतींसमोर फोटो. अकराला कॅफे. मग पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर फोटो. दुपारी ओल्ड गोवा 'उरकायचं'. संध्याकाळी बोट, बोटीवर नाच. रात्री कसिनो, नाहीतर स्कूटर काढून बागा. आणि शेवटी एक शेरा: पणजीला एक दिवस पुरतो, रात्री तिथे काही नसतं.

मी या गावात राहते, म्हणून मला या यादीचा राग येतो हे उघड आहे. पण राग नुसता यादीचा नाही. तिच्यात दोन खोट्या गोष्टी आहेत आणि त्या इतक्यांदा सांगितल्या गेल्यात की आता गावाचीच वाटणी त्यांच्याप्रमाणे व्हायला लागली आहे. पहिली, हे 'पोर्तुगीज' गाव आहे. दुसरी, इथे रात्र नाही.

पहिलीपासून सुरुवात करू. 'पोर्तुगीज घर' हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी चढते. अहो, घर कुणी बांधलं? फोंतेन्हासची वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीला वसवली ती अंतोनियो जुआंव द सिक्वेरा नावाच्या गोंयकाराने. मोझांबिकला पैसा कमावून परत आलेला माणूस, म्हणून लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणायचे. चिरा इथला, गवंडी इथले, खिडक्यांना काचेऐवजी लावलेले शिंपले इथल्या खाडीतले, वरची कौलं बहुतेक मंगळूरची. राहणारी कुटुंबं गोंयकार. लिस्बनहून आलेलं काय, तर सरकार आणि थोडी फॅशन. पुण्यातल्या ब्रिटिश काळातल्या वाड्याला आपण 'इंग्रजांचं घर' म्हणतो का? नाही ना? मग इथेच ही खिरापत कशाला?

बरं, 'कॉलोनियल सिटी' बघायचीच असेल तर नीट बघा की. जुन्या सचिवालयाची इमारत मुळात आदिलशहाचा राजवाडा. १७५९ साली व्हाइसरॉय ओल्ड गोव्याची रोगराई सोडून तिथे राहायला आला आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. त्याच इमारतीच्या बाजूला एक पुतळा आहे: झगा घातलेला पाद्री, समोर कोसळणारी बाई, पाद्र्याचे दोन्ही हात तिच्यावर उगारलेले. बॅकपॅकर मंडळी तिथे गळा दाबल्याच्या पोझमध्ये फोटो काढतात. तो आबे फारिया. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला, पॅरिसमध्ये जाऊन संमोहनावर व्याख्यानं देणारा, आणि संमोहन म्हणजे जादू नाही, ते समोरच्याच्या मनातून घडतं असं ठणकावून सांगणारा माणूस. १७८७ साली पोर्तुगीजांविरुद्ध जो पिंतोंचा कट झाला त्यात त्याच्या बापाचं नाव गोवलेलं होतं. पुतळा घडवला रामचंद्र पांडुरंग कामतांनी, १९४५ साली. यातलं काहीही यादीत नसतं. यादीत असतं 'क्विर्की स्टॅच्यू'.

तिथून आझाद मैदानात जाल तर मधोमध खांबांचा एक मंडप आहे. तो बांधला होता आफोन्सो द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी. गोवा मुक्त झाल्यावर आल्बुकेर्कसाहेब ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये गेले आणि आता मंडपात स्मारक आहे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हांचं, म्हणजे पोर्तुगीजांना आयुष्यभर नडलेल्या माणसाचं. समोरच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेचंही तसंच. आधी तिचं नाव होतं वास्को द गामा इन्स्टिट्यूट. १९६३ साली ते बदलून वसाहतवाल्यांविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या पत्रकाराचं नाव दिलं. पण प्रवेशाच्या दालनात निळ्या फरशांवर काढलेली पोर्तुगीज महाकाव्यातली चित्रं आहेत, जॉर्ज कोलासोची, १९३५ सालची, ती तशीच ठेवली. मालक बदलले, पाटी बदलली, भिंत राखली. या गावाने आपल्या वसाहतीच्या इतिहासाचं काय केलं ते मला या एका दालनात जितकं कळतं तितकं शंभर पिवळ्या भिंतींसमोर उभं राहून कळत नाही. फुकट आहे, शिवाय सावली आहे, जी दुपारी बारा वाजता पणजीत फार मोलाची असते.

आता त्या पिवळ्या भिंती. त्यांच्या मागे माणसं राहतात हो. सकाळी साडेसातपासून कुणाच्या तरी दाराशी कुणीतरी टोपी सावरत उभं असतं. म्हातारी बाल्कांवात बसायला बाहेर आली की ती एकतर फोटोच्या आड येते, नाहीतर फोटोत येते. 'फोटो काढू नयेत' अशा पाट्या लागल्या, तर आता पाटीचेही फोटो निघतात! आणि हे करणारे गोरे बॅकपॅकर क्वचितच, हे स्पष्ट सांगते. ते बिचारे नकाशा उलटा धरून हरवलेले असतात. हे करणारी आपलीच, पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची. लग्नाआधीचं शूट, रील, ड्रोन. आपल्या वाड्यात कुणी असं शिरलं असतं तर आजोबांनी काठी घेतली असती.

यावर भाच्याचं म्हणणं (तो वकिली शिकतोय, त्यामुळे गप्प बसत नाही): "आत्या, त्या घरांची होस्टेलं झाली म्हणून तर ती उभी आहेत. नाहीतर पडली असती." यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. इथला वारसाहक्क पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेला. मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा, आणि निम्मी मिळकत तर वारसांनाच द्यावी लागते, मृत्युपत्राने दुसऱ्याला देताच येत नाही. न्याय म्हणून उत्तम. पण दोन पिढ्यांनंतर एका घराला वीस मालक होतात, त्यातले काही मुंबईत, काही लिस्बनला, काही टोरांटोला. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत छप्पर बसतं. अशा घरात कुणी भाडं देऊन बंक-बेड टाकले, कौलं बदलली, तर ते घर वाचलं. मान्य. होस्टेलांशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते त्यांच्या रिसेप्शनवर चिकटवलेल्या वेळापत्रकाशी. घर वाचवायचं आणि शेजार घालवायचा, याला वाचवणं म्हणायचं का?

कारण बॅकपॅकर म्हणजे कोण? माझ्या समजुतीप्रमाणे ज्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ भरपूर तो. साठ-सत्तरच्या दशकात मुंबईहून निघालेली बोट पणजीच्या धक्क्याला लागायची तेव्हा तिच्यातून चाकरमानी आणि हिप्पी एकत्रच उतरायचे. हिप्पी पुढे हणजुण-कळंगुटला जायचे आणि महिनोन्महिने राहायचे. त्यांनी काय काय केलं त्याची आरती ओवाळायची नाही मला, पण घाई त्यांनी केली नाही. आजच्या सॅकवाल्याकडे पैसाही कमी आणि वेळही कमी. मग तो दुसऱ्याने ठरवलेलं विकत घेतो.

आणि विकत काय मिळतं? कसिनो. बांदोडकर मार्गावर, म्हणजे गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांच्या नावाच्या रस्त्यावर, मांडवीच्या काठाने रात्री चालून बघा. नदी दिसतच नाही, दिसतात ते दिव्यांचे डोंगर. १९९६ साली कायद्यात दुरुस्ती करून पाण्यावरच्या जहाजांत जुगाराला वाट दिली. तेव्हापासून जहाजं हलवण्याचं आश्वासन प्रत्येक पक्षाने दिलं आणि मुदतवाढही प्रत्येक पक्षाने दिली. गंमत पुढेच आहे. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे सरकारलाच ठाऊक आहे की ही चीज घरच्या पोरांना चांगली नाही. पाहुण्याच्या पोरांना चालते! आणि आमच्या भाच्या-पुतण्यांना ही 'पणजीची नाईटलाईफ' वाटते, जिच्यात एकही पणजीकर असू नये अशी कायद्यानेच सोय केली आहे.

दुसरा पर्याय बागा. पंधरा-सोळा किलोमीटर, भाड्याची स्कूटर, जाताना शुद्धीत आणि येताना पहाटे तीनला. यावर मी जास्त लिहीत नाही. तुमच्या आया हे वाचतात.

मग पणजीत रात्री काय असतं? तिआत्र असतं. मांडवीकाठच्या कला अकादमीत, नाहीतर मघाच्या त्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या सभागृहात. हा प्रकार जन्मला १७ एप्रिल १८९२ रोजी, तोही मुंबईत, तेव्हा आपण मराठी लोक त्याला अगदीच परके नाही. कथानक चालू असतं, मध्येच पडदा पडतो, एक माणूस पुढे येतो आणि बँडच्या साथीवर कांतार म्हणतो, ज्याचा कथानकाशी काडीचा संबंध नसतो. संबंध असतो कालच्या पेपराशी. मंत्री, खाण, जमिनी, कसिनो, कुणालाही सोडत नाहीत. लोक 'वन्स मोअर' घेतात. कोंकणी कळत नाही म्हणाल तर मालवणी कळते ना? अर्धं कळेल. उरलेल्या अर्ध्यासाठी शेजारची काकी आहे, ती न विचारता सांगते.

कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुका तर तुम्हाला ठाऊक आहेत. पण ऑगस्टात नदीकाठी अष्टमीची फेरी भरते ती माहीत आहे? खाजं, मातीची भांडी, लाकडी पाट, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं एका रांगेत, पावसात. मार्च ते मे तावेर्नांत उर्राक मिळते, काजूच्या रसाची पहिली धार. नंतर उरते ती फेणी, जिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मी पीत नाही, पण तावेर्नात बसते. लिंबू-सोडा मागितला तरी कुणी हसत नाही. भिंतीला टेकून चार म्हातारे पावसावर आणि फुटबॉलवर बोलतात आणि फार उशीर न करता उठतात, कारण पहाटे पोदेर येणार असतो.

हो, पोदेर. त्याचा भोंगा हे या गावाचं घड्याळ आहे. सायकल, वर पाटी, पाटीत पोळे आणि उंडे, गरम. तो उंडा घेऊन भाजीबरोबर खाणे हा माझ्या मते सॅकवाल्याचा खरा ब्रेकफास्ट. मग मार्केट. मग बेतीची फेरीबोट, जाऊन नुसतं परत यायचं. एक ते चार गाव झोपतं, तेव्हा तुम्हीही झोपा. दुकानं बंद म्हणून कपाळाला हात लावू नका. झोप येत नसेल तर पाट्टोला सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ साली सुरू झालेली, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. आत मराठी पुस्तकांचा भरणा बघून थोडं घरीही वाटेल.

"पण आत्या, हे सगळं कंटाळवाणं आहे," असा निरोप येणार, मला ठाऊक आहे. येऊ दे. कंटाळवाणं असेल तर बागाला राहा बाबा, तिथे तुमच्यासाठीच सगळं मांडून ठेवलंय. पणजीत स्वस्त पडतं म्हणून झोपायचं पणजीत आणि जागायचं दुसरीकडे, वर गावाला रात्र नाही म्हणायचं, एवढं मात्र माझ्या कानावर घालू नका.

ज्यांना अजूनही यायचंय त्यांच्यासाठी: शुक्रवारी पोचा. रविवारी मार्केट थंड असतं, पण तिआत्र बहुधा असतंच, तिकीट आधी काढावं लागतं. फोंतेन्हासला संध्याकाळी सहानंतर, कॅमेरा खिशात ठेवून. जेवायला माझ्याकडे. सुंगटाची आमटी करीन, पण आदल्या रात्री किती जण ते सांगा. आणि स्कूटर घेणार असाल तर हेल्मेट दोन.