छडी आणि स्वर्गीय पिता

आपल्या धर्मग्रामांत अंत्यविधीनंतर श्रद्धांजलीची जी भाषणे होतात, त्यांतील एक वाक्य आता जणू विधीचाच भाग होऊन बसले आहे : "बाबांनी आम्हांला फोडून काढले, म्हणून आम्ही माणसांत आलो." हे म्हणताना मुलाचा कंठ दाटून येतो, श्रोते माना डोलावतात. त्यापाठोपाठ, अनेकदा आम्हा धर्मगुरूंच्याच मुखातून, दुसरे वाक्य येते : देवबापही असाच, माया करतो म्हणूनच मारतो. पहिले वाक्य दुःखाच्या भरात आलेले असते, त्याबद्दल मुलाला बोल लावण्याचे कारण नाही. दुसरे मात्र धर्मशिकवण म्हणून खपवले जाते, आणि ते खोटे आहे.

छडीचे समर्थक पवित्र शास्त्राचाच आधार घेतात, हे मी जाणतो. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात छडी आवरणाऱ्या बापाला दोष दिला आहे. काही सौम्य मनाचे प्रवचनकार यातून वाट काढतात. तेथील 'शेबेट' हा हिब्रू शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठीही आला आहे, सबब ही काठी मारायची नव्हे, वळवायची, असे ते सांगतात. युक्तिवाद गोड आहे, पण टिकणारा नाही. त्याच ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात मुलाला छडीने मारण्याविषयी स्पष्टच लिहिले आहे. तेव्हा पळवाट नको. प्राचीन इस्राएलात बाप मुलाला मारीत असे आणि शहाणे लोक त्याला शहाणपण म्हणत, हे सरळ मान्य करावे. प्रश्न एवढाच आहे की, येशूच्या तोंडी 'पिता' हा शब्द आल्यावर आपण तेथेच थांबायचे काय?

अनुवाद ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायातील हट्टी, बंडखोर मुलाचा नियम आठवून पाहावा. आईबापांनी त्याला वेशीवर वडीलधाऱ्यांपुढे न्यावे आणि गावच्या पुरुषांनी त्याला दगडमार करून मारावे, असा तो नियम. येशूचे श्रोते हा नियम ऐकून वाढलेले होते. त्यांच्यापुढे येशू लूकच्या पंधराव्या अध्यायातील दाखला सांगतो. मालमत्ता उधळून आलेला मुलगा दूर दिसताच म्हातारा बाप धावत सुटतो आणि त्याच्या गळ्यात पडतो. मुलाने पाठ करून आणलेली कबुलीसुद्धा तो पुरती ऐकून घेत नाही. एवढेच नव्हे, रुसून अंगणात उभ्या राहिलेल्या थोरल्याची समजूत काढायला तोच बाप पुन्हा घराबाहेर येतो. या घरात छडी नसेलच असे नाही, पण दाखल्यात ती कोठेही दिसत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय हा छडीवाल्यांचा हुकमी एक्का. पण ते पत्र छळाला कंटाळून गेलेल्या श्रद्धावंतांना धीर देण्यासाठी लिहिलेले आहे, मुलांना कसे मारावे याची ती सूचनावली नाही. शिवाय ऐहिक बाप आपापल्या समजुतीप्रमाणे शिस्त लावतात, अशी मेखही लेखकाने तेथे मारून ठेवली आहे. संत पौलाच्या काळी रोमन कायद्याने बापाला मुलाच्या जीवनमरणाचा अधिकार दिलेला होता. त्या जगात पौलाच्या नावाची पत्रे बापांना बजावतात की मुलांना चिडीस आणू नका, त्यांची मने खचतील. इफिस आणि कलस्सै येथील मंडळ्यांना लिहिलेले हे शब्द श्रद्धांजलीच्या भाषणात मी आजवर ऐकलेले नाहीत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्याशीही मला येथे नम्रपणे मतभेद नोंदवावा लागतो. ४ फेब्रुवारी २०१५ च्या सार्वजनिक भेटीत, मुलांना कधीकधी थोडा मार देणाऱ्या, पण अपमान होऊ नये म्हणून तोंडावर कधीही न मारणाऱ्या एका बापाचे त्यांनी कौतुक केले होते. चेहरा वाचला म्हणजे मान वाचला, हे मला पटत नाही. त्याच पोपमहाशयांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफावर जे पत्र लिहिले, त्यातील हळुवार, सावलीसारखा पिता मला अधिक खरा वाटतो. शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एक शब्दही नाही, पण त्याच्या घरात वाढलेल्या मुलाला देवाला 'अब्बा' म्हणावेसे वाटले!

आता माझ्या वडिलांविषयी. त्यांना वेदीवर चढवण्याचा माझा हेतू नाही. वसईतल्या केळीच्या वाडीत राबणारा तो एक तापट माणूस होता. १९७९-८० च्या सुमारास घरातील खणात ठेवलेली दहाची नोट नाहीशी झाली आणि संशय माझ्यावर आला. वडिलांनी शिमटीने माझ्या पोटऱ्यांवर वळ उठवले. दिवेलागणीच्या आधी आईने धुण्याचे कपडे चाचपले, तेव्हा वडिलांच्याच सदऱ्याच्या खिशात ती नोट सापडली. दादरला केळी घेऊन जाताना त्यांनीच ती घेतली होती. रात्री रोजच्याप्रमाणे आम्ही सारे आल्तारापुढे रोझरीला गुडघ्यांवर बसलो. पहिल्या रहस्यापूर्वीच्या प्रभूच्या प्रार्थनेत, क्षमेच्या शब्दांपाशी येताच वडील थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळा, आज मी तुला विनाकारण मारलं. मला क्षमा कर."

आजी कडाडली, "बापानं पोराची माफी मागायची असते का रे? उद्या डोक्यावर बसेल तो!"

"मग आई, हे आपण रोज म्हणायचं तरी कशाला?" एवढे बोलून वडिलांनी प्रार्थना जेथे सोडली होती तेथून पुढे सुरू केली.

त्यानंतर त्यांनी मला कधीच मारले नाही, असे नाही. आणखी एकदोनदा मारले. पण मी डोक्यावरही बसलो नाही. पहाटे पाचला उठून झाडांना पाणी घालण्याची सवय मला त्यांनीच लावली, आणि तीही शिमटीवाचून, स्वतः माझ्या आधी उठून. देवाला पिता म्हणण्याची गोडी मला कोठे लागली, असे कोणी विचारले तर मी त्या थबकलेल्या प्रार्थनेकडे बोट दाखवीन. सेमिनरीत धर्मसिद्धान्ताचे पुष्कळ ग्रंथ वाचले, पण 'आमच्या' या एका शब्दाचा अर्थ त्या रात्रीच उमगला होता. ती प्रार्थना म्हणताना बाप आणि मुलगा एकाच चटईवर असतात, आणि दोघेही लेकरेच असतात. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, असे प्रभू मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात बजावतो ते याचसाठी असावे. (दिवसातून शंभर वेळा 'फादर' अशी हाक ऐकणाऱ्याने हे लिहावे, यातील गंमत मला कळते.) बापाच्या मापाने देव मोजायचा नसतो, बापाला त्या मापाने मोजायचे असते. आपण नेमके उलट केले आहे. म्हणूनच दृढीकरणाच्या वर्गात 'स्वर्गीय पिता' म्हणताच काय आठवते, असे विचारल्यावर एखादी मुलगी 'वटारलेले डोळे' असे लिहून देते.

"धाक गेला आणि पोरे बिघडली," ही हाकाटी मी दर सणाला ऐकतो. गंमत अशी की शाळेत शिक्षकाने हात उगारला तर हेच पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतात. त्यांचे बरोबरच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदीच घातली आहे. मग शिक्षकाच्या हातून जी क्रूरता ठरते ती उंबरठा ओलांडताच माया कशी होते? धाकाने मूल सुधारत नाही, ते लपायला शिकते. आधी बापापासून लपते, पुढे पापनिवेदनाच्या आसनापासून, आणि अखेरीस देवापासून.

असो. श्रद्धांजलीचे भाषण आधी मला दाखवा, असा हुकूम मी काढणार नाही. शोकात असलेल्या घराला तसे सांगणे अमानुषपणाचे होईल. आपल्या बापाविषयी मुलाने हवे ते बोलावे. पण माझ्या वेदीवरून कोणी त्या माराला देवाची माया म्हणाले, मग ते बोलणारे माझे धर्मगुरू बंधू का असेनात, तर शेवटची प्रार्थना होण्यापूर्वी मी उठून उभा राहीन आणि लूकचा पंधरावा अध्याय वाचीन.