फुटक्या चिलमीचं मोल

संग्रह म्हटला की आपल्या मध्यमवर्गीय मनापुढे दोन चित्रं उभी राहतात. पहिलं, काचेच्या कपाटात मांडलेल्या, दिव्यांच्या उजेडात झळकणाऱ्या राजेरजवाड्यांच्या वस्तूंचं. दुसरं, माळ्यावर साठलेल्या अडगळीचं, जिच्यावरून दर दिवाळीच्या साफसफाईत घराघरांत वाद होतात. पहिलं आपल्याला परवडत नाही आणि दुसरं घरच्यांना. या दोहोंच्या मधून एक अरुंद, पण चालता येण्याजोगी वाट जाते. निवृत्तीनंतर कार्ल्याला राहायला आल्यापासून मी त्या वाटेनं चालतो आहे. मी जमवतो ती तंबाखू ओढण्याची साधनं : चिलमी, गुडगुड्या, एखाददुसरा हुक्का आणि साहेबी पाइप.

रविवारच्या सकाळी, घरात मुलंबाळं असताना, तंबाखूचा विषय कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. शंका रास्त आहे. तंबाखूनं किती संसार धुळीला मिळवले हे कळायला परळच्या टाटा रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक सकाळ उभं राहिलं तरी पुरे. मुंबईच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. ते योग्यच झालं. माझ्या संग्रहातली एकही चिलीम मी पेटवलेली नाही आणि पेटवणारही नाही. पण व्यसन जावं आणि वस्तू राहावी, यात विसंगती नाही. तलवारी आपण जपतो त्या काही कुणावर चालवायच्या म्हणून नव्हे. उलट एखादी सवय समाजातून निघून जात असते तेव्हाच तिची साधनं सर्वांत वेगानं नाहीशी होतात. ती कुणाला नको असतात. म्हणून ती स्वस्त असतात, आणि म्हणूनच तुमच्या-माझ्यासारख्याच्या आवाक्यात असतात.

या वस्तूंना इतिहासही थोडाथोडका नाही, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्या दख्खनचा आहे. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला तो १६०४ च्या सुमारास. उत्तरेत फारशी कुणी न पाहिलेली तंबाखू त्यानं विजापुरात पाहिली होती. बादशहाला नजराणा म्हणून त्यानं तंबाखूबरोबर एक रत्नजडित नळी तयार करवून घेतली, तिला येमेनी अकिकाची मुखनळी बसवली. हकीमांनी हरकत घेतली, तरी अकबरानं दोनचार झुरके घेतलेच. जहांगिरानं १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचं काय झालं हे पुढची चारशे वर्षं सांगतात.

त्या अकिकाच्या मुखनळीसारख्या वस्तू आज मिळाल्या तरी आपल्यासाठी नाहीत. बिदरचे चांदीच्या तारेनं सजलेले काळेभोर हुक्के डोळे भरून पाहायचे असतील तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आहे. पण श्रीमंती वस्तू मालकाची ऐपत सांगते, लोक कसे जगत होते हे तितकंसं सांगत नाही. त्यासाठी स्वस्त वस्तू लागते. इंग्रज आणि डच लोक ओढत ते मातीचे पांढरे पाइप इतके स्वस्त आणि ठिसूळ, की आज घ्यावेत आणि चार दिवसांनी फुटके टाकावेत. अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींच्या उत्खननात त्यांचे तुकडे ढिगानं सापडतात. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञानं १९५४ मध्ये दाखवून दिलं की या पाइपांच्या दांडीतलं भोक काळाबरोबर लहान होत गेलं, आणि नुसतं भोक मोजून उत्खननाच्या थराचा काळ अंदाजता येतो. सोन्याचं नाणं माणूस तीन पिढ्या पुरून ठेवतो. फुटका पाइप त्याच दिवशी फेकतो. म्हणून तारखेच्या साक्षीला फुटका पाइप अधिक भरवशाचा.

साध्या वस्तूंतलं हे मोल आपल्याकडे फार लवकर ओळखलं ते पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०). कवितेत ते ‘अज्ञातवासी’, व्यवसाय चष्म्याचा. १९२० च्या आसपास त्यांनी जमवायला सुरुवात केली, ती मुख्यतः घरगुती वस्तू : दिवे, अडकित्ते, वज्ऱ्या, पेट्या, वाद्यं, दारांच्या चौकटी. ज्या गोष्टी मोडीत निघत होत्या, त्यांच्यापुढे हा माणूस थांबला. पत्नी कमलाबाईंची साथ नसती तर हे निभावलं नसतं. सातव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते सारं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर. सालारजंगांच्या मागे हैदराबादची दिवाणी होती, केळकरांच्या मागे चष्म्याचं दुकान. पुण्यातल्या त्या वाड्यात गेलो की मला कमी पैशांचं दुःख वाटेनासं होतं. पैसा कमी असला की माणूस दारोदार जातो, चौकशी करतो, घासाघीस करतो, आणि त्या बोलण्यातच वस्तूची कुळकथा हाती लागते. एकगठ्ठा विकत घेणाऱ्याला ती सहसा मिळत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. मी दरमहा पाचशे रुपये ठरवले आहेत. एखादा महिना काही घेतलं नाही तर रक्कम पुढच्या महिन्यात ओढायची, पण उसनवारी करायची नाही. सुरुवात मातीच्या चिलमीपासून करावी. कुंभाराकडे किंवा जत्रेच्या बाजारात ती चहा-भज्यांच्या पैशांत मिळते. निरनिराळ्या गावांच्या चार चिलमी शेजारी ठेवल्या की मातीचा रंग, भाजणी, तोंडाचा घेर यांतला फरक डोळ्यांना दिसू लागतो. तिच्याबरोबरचा लवाजमाही गोळा करावा : ओढताना खाली गुंडाळायची ओली छापी, आतला खडा, चकमक, तंबाखूची चंची. पितळी गुडगुडी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात दिसते, पण तिथं डोळा हवा. नव्या पितळेला आम्लानं काळं करून जुनं म्हणून विकणारे आहेत. खरी झीज सगळीकडे सारखी नसते. हात धरतो आणि ओठ टेकतात तिथंच ती असते.

साहेबी पाइपांत फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावानं नावारूपाला आणलेले ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळावरल्या गाठीचे, जुने आणि वापरलेले पाइप घ्यावेत. नव्याच्या मानानं ते बरेच स्वस्त पडतात. अमेरिकेतल्या मिसुरीत १८६९ पासून मक्याच्या कणसाचे पाइप बनतात, ते तर गरिबांचेच. तुर्कस्तानातल्या पांढऱ्या खनिजाचे कोरीव पाइप मात्र पाहून सोडून द्यावेत. हस्तिदंताची मुखनळी कुणी दाखवली तर हात मागे घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो व्यापार बंद आहे. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. परदेशातल्या लेकीला भेट म्हणून ती पाठवता येत नाही.

आमच्या मावळातला पावसाळा ही संग्राहकाची कसोटी. लाकडाला बुरशी येते, पितळेवर हिरवं चढतं. मातीची चिलीम धुवायची नाही, मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची. पितळ चिंचेनं लखलखीत करण्याचा मोह टाळावा, कारण त्या घासण्यात वापराच्या खुणाही जातात. कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळाली की दारं उघडावीत. इतकं केलं तरी भागतं.

पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेची खरेदी वेगळीच आहे : एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही. माझी उमेद बँकेत गेली. सोनेतारण कर्जासाठी दागिना आला की सराफ त्याचं वजन करी, कस पाही आणि रक्कम सांगे. घडणावळ धरली जात नसे. तो दागिना कुणाच्या लग्नातला, कुणी घडवलेला, हे विचारण्याचं कारणच नव्हतं. बँकेच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. संग्रहात हा हिशेब उलटा करावा लागतो. वजन आणि धातू यांची किंमत शून्य धरायची आणि घडणावळ व कहाणी तेवढी जमेला मांडायची. माझ्या वहीत आठ रकाने आहेत : क्रमांक, तारीख, वस्तू, माप, कुठून आली, काय दिलं, कोण वापरत असे, आणि देणाऱ्यानं काय सांगितलं. शेवटचा रकाना सर्वांत रुंद आहे.

त्या रकान्यातली एक नोंद सांगतो. शेजारच्या शेतकरी घरात जुना गोठा पाडत होते. भिंतीतल्या कोनाड्यात काठ उडालेली एक चिलीम निघाली. “घ्या साहेब, कुठं फेकायची,” म्हणून मुलानं माझ्या हातात ठेवली. पैसे काही घेतले नाहीत. मी वही उघडून बसलो तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, “आमच्या मामंजींची हाय ती.” मग भाताच्या लावणीचे दिवस आले. भर पावसात घोंगडीखाली गोवरीचा निखारा कसा जपत, चिलीम फिरू लागली की तेवढाच कमरेला विसावा कसा मिळे, हे त्यांनी सांगितलं. मी लिहून घेत होतो. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “पर ती समद्यांस्नी नव्हती बरं का.” त्याच बांधावर राबणाऱ्या, पण वेगळ्या वस्तीतल्या गड्यांना तंबाखूची चिमूट वरून हातावर टाकली जाई. त्यांनी ती आपल्या चिलमीत, लांब बसून, ओढायची. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता.

हे वहीत लिहायचं की नाही, असा प्रश्न घरातल्या तरुण मुलाला पडलेला दिसला. मी ते आजींच्या शब्दांत लिहिलं आणि वाचून दाखवलं. आजींनी मान हलवली. नुसती वस्तू कपाटात मांडली असती तर पाहणाऱ्यानं तिच्यात रम्य खेडं पाहिलं असतं. तिच्या उडालेल्या काठाभोवती एक वर्तुळ होतं आणि काही माणसं त्याच्या बाहेर होती, हे मातीवरून कळलं नसतं. ते सांगू शकणारं माणूस त्या घरात एकच उरलं होतं.

नोंदीचं हे महत्त्व मला पटलं ते कार्ल्याच्या डोंगरावर. एकवीरा आईच्या दर्शनाला येणारी हजारो माणसं शेजारच्या लेण्यात डोकावतात, कमानीखालच्या मूळच्या लाकडी फासळ्या पाहून थक्क होतात आणि उतरतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं ते चैत्यगृह एकट्या राजाच्या खजिन्यातून उभं राहिलेलं नाही. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं ते पूर्णत्वाला नेल्याचा लेख दर्शनी भागात आहे. पण खांबांवर ब्राह्मी लिपीतल्या लहान लहान ओळी आहेत. धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याचं दान दरवाजापाशी नोंदलेलं आहे, आणि सामी नावाच्या सुताराचं काम त्याच्या बापाच्या नावासकट. कुणी एक खांब दिला, कुणी दाराचा भाग. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. नाव, गाव, धंदा, दिलेली वस्तू : चार रकान्यांची ती नोंदवहीच आहे, फक्त दगडातली. ती नसती तर लेणं तितकंच भव्य राहिलं असतं, पण अत्तरविक्या आणि सुतार नाहीसे झाले असते.

माझ्या संग्रहात आज एक्केचाळीस वस्तू आहेत. बाजारात नेल्या तर एका बऱ्या मोबाइलचीही किंमत येणार नाही. माझ्यामागे त्यांचं काय, हा प्रश्न घरात निघतो, आणि तो निघायलाच हवा. लहान संग्रह संग्राहकाबरोबर संपतात, भंगारवाल्याच्या पोत्यात जातात, कारण मागे राहिलेल्यांना काय ठेवावं आणि का ठेवावं हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे : वस्तू द्याव्या लागल्या तर एखाद्या शाळेला किंवा संग्रहालयाला द्याव्यात, वहीसकट. दोन्हींतलं एकच ठेवणं शक्य असेल तर वही ठेवावी.

तुम्ही चिलमीच जमवाव्यात असा माझा आग्रह नाही. अडकित्ते, कुलपं, मापं, शाईच्या दौती, काहीही चालेल. मात्र आपल्या घरातून जे निघून चाललं आहे, तिथून सुरुवात करावी. पैसे नंतर लागतात, आणि थोडेच लागतात. आधी एक वही, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसण्यासाठी एक निवांत दुपार. बाजार पुढच्या महिन्यातही भरेल. त्या माणसाला आठवेल तेवढं मात्र आजच विचारून घ्यावं.