विश्लेषण : माशीचा पंख आकार कसा घेतो? पेशींची ओढाताण का महत्त्वाची?

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी चिलटे, म्हणजेच फळमाश्या, शतकाहून अधिक काळ जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आहेत. त्यांचा पंख जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा. तो घडतो कसा, याचा शोध जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मॅक्स प्लांक संस्थेत अनेक वर्षे सुरू आहे. या शोधाचा संबंध माणसातील जन्मजात व्यंगांशीही आहे.

पंखाची सुरुवात कुठून होते?

अळीच्या शरीरात काही डझन पेशींची एक इवलीशी पिशवी असते. विभाजन होत होत चार-पाच दिवसांत पेशींची संख्या हजारोंवर जाते. कोष बनताना ही पिशवी उलगडते आणि तिच्यातील घुमटासारखा भाग दुमडून चपटा, दुपदरी होतो. हा बदल प्रामुख्याने पेशींनी शेजारी बदलल्यामुळे होतो, असे ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले.

पेशी नेमके काय करतात?

पेशींकडे मोजकेच मार्ग असतात : विभागणे, लांबट होणे, थरातून बाहेर पडणे आणि शेजारी बदलणे. गर्दीच्या लोकलमध्ये दोघे किंचित सरकतात आणि मागचे दोघे एकमेकांना भिडतात, तसेच हे. अशा हजारो अदलाबदली एकाच दिशेने झाल्या, की अख्खी ऊती लांब आणि अरुंद होते.

मग ओढते कोण?

पंख शरीराला जोडला जातो ती ‘बिजागरी’ कोषात आकसते आणि पंखाला स्वतःकडे खेचते. पंखाची कड मात्र बाहेरच्या कवचाला बांधलेली असते. दोरीला चिमटे लावलेले ओले कापड ओढावे, तसा पंख ताणला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडेचे हे बंध लेझरने तोडले, तेव्हा पंखाचा आकार बिघडला. बंधासाठी लागणारे ‘डम्पी’ हे प्रथिन सदोष असलेल्या माश्यांचे पंखही आखूड राहतात. म्हणजे जनुक बंधाचे साहित्य पुरवते. अंतिम आकार ठरतो तो ताणातून.

माणसाशी याचा काय संबंध?

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात भ्रूणातील एक सपाट थर दुमडून नळी बनते. तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. इथेही ऊती लांब-अरुंद होण्यासाठी पेशी शेजारी बदलतात. नळी पूर्ण मिटली नाही, तर ‘स्पायना बिफिडा’सारखे व्यंग उद्भवते. फॉलिक ॲसिडमुळे हा धोका बराच कमी होतो, पण पूर्ण टळत नाही.

माशीवरून थेट उपचार निघणार नाही. पण माणसाच्या भ्रूणात पेशींचे बंध तोडून पाहता येत नाहीत; माशीच्या पंखात ते शक्य आहे. म्हणूनच व्यंगांची कारणे शोधताना सदोष जनुकासोबत पेशींमधील ताण कुठे चुकला, हेही पाहावे लागेल.