पेला उचलू नका!

सुट्टीत बडोद्याला, लहरीपुऱ्यात मामांकडे होतो. धाकट्या मामेभावाला जुलाब लागले आणि आजीने पाण्याचा पेलाच उचलला: “प्यायला की पुन्हा होणार!” मी वाणिज्य शाखेचा, पण हा हिशेब पटेना.

पटकीचे विष आतड्याचे अस्तर फाडत नाही. लहरीपुरा दरवाजा शाबूत, गर्दी मात्र बाहेरच लोटते, तसे काहीसे. हे विष कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यात दाखवले. साखरेसोबत मीठपाणी आत घेणारी वाट तेव्हाही उघडीच असते. त्याच भरवशावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासितांना ते पाजले. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. शाळेत सनावळ्या घोकून घेतल्या. हे का नाही?

मी कालवले. आजी रुसली, पोरगा पेला सोडीना.