पिवळा दिवा

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी महाराज बाड्यावर, टाऊन हॉलसमोर, आमची मोटार एकाएकी जड झाली. डॅशबोर्डवर दातेरी चाकाचे चिन्ह असलेला पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडून बसली. मागे भोंग्यांचा कल्लोळ, शेजारी डायलिसिसला निघालेल्या आमच्या मातोश्री. मुलाबरोबर त्यांना रिक्षाने पुढे पाठविले आणि गाडी कशीबशी घरी आणली. डावा गुडघा अधू झाल्यापासून आम्ही आपणहून गिअर बदलणारी ही जुनी गाडी वापरतो. आठवड्याच्या दोन्ही खेपा तिच्याच भरवशावर होतात.

पहिल्या कारागिराने बॉनेटही न उघडता ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल दिला. सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून अधिक! दोन रात्री आम्ही गाडी विकावयाचे हिशेब मांडीत बसलो.

शिंद्यांच्या छावणीतील दुसऱ्या कारागिराने स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर जोडला. आकडे निघाले दोन : पी ०७०० व पी ०७२०. पहिल्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाने तक्रार नोंदविली आहे. मुद्द्याचा तो दुसरा. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या व तेथून बाहेर पडणाऱ्या दांड्यांचे फेरे दोन सेन्सर मोजतात. त्यांच्या गुणोत्तरावरून गिअर नीट लागला की घसरतो आहे, हे संगणकास कळते. बाहेरचा सेन्सर मुका झाला, की यंत्र सांभाळण्यासाठी तो एकच गिअर धरून ठेवतो. म्हणजे गाडीचे ते अडून बसणे एक प्रकारचे पथ्यच होते. जयविलासातील मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी ग्वाल्हेरकरांस ठाऊक आहे. तिच्यावरील सुरई उचलली की ती थांबते, असे सांगतात. तेव्हा इंजिन बिघडले असे कोणी म्हणत नाही!

आकडा खोट कोणत्या वाटेवर आहे ते सांगतो. कोणता भाग बदलावा, ते शोधावेच लागते. कारागिराने प्रथम बॅटरी तपासली, कारण ती अशक्त असली तरी जुन्या गाडीत खोटे दिवे लागतात. मग तेलाची पातळी व रंग, मग सेन्सरचा प्लग. तारेपाशी येताच तो हसला : “साहब, चूहे का काम है!” आवरण कुरतडलेले, तांब्याचे दोनच धागे शिल्लक. तार जोडली, नवे आवरण चढविले, आकडे पुसले. मजुरी ८०० रुपये.

मात्र तेलास करपट वास येत असेल, इंजिन गुरगुरूनही गाडी वेग घेत नसेल, तर ती चालवू नये. तो दोष बहुधा आतलाच. आणि दुरुस्तीवाचून नुसते आकडे पुसून दिवा विझवून देणाऱ्याच्या वाटेस जाऊ नये. दिवा चार दिवसांत परततो, नोंद तेवढी जाते.

पुढच्या खेपेस मातोश्री त्याच गाडीतून निघाल्या. बाडा ओलांडेपर्यंत त्यांची नजर डॅशबोर्डवरून हलली नाही. आम्ही उंदरासाठी पिंजरा आणला आहे. तूर्त तो रिकामाच आहे.