मानशी उघड्या, खाजने बुडीत

गोव्याच्या सखल भागातली गावे नदीने दिलेली नाहीत, नदीकडून मिळवलेली आहेत. भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा मांडवी-झुवारीतून आत खोलवर शिरते. त्याला माती, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून पूर्वजांनी खाजन शेती उभी केली. बांध एकट्याने राखता येत नाही, म्हणून गावकरी एकत्र बसू लागले, नियम करू लागले. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी त्यांच्या रूढी लिहून काढल्या, तेव्हाच त्या जुन्या होत्या. झुवारीवरचे गोपकपट्टण शहर मागे पडले, मांडवीवरचे जुने गोवे भरभराटले आणि ओसही पडले. बांध मात्र राखले गेले.

मानस जवळून पाहावी. मानस म्हणजे बांधातले दार, त्याला लाकडी झडपा. भरतीच्या दाबाने त्या आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. त्या वेळी जाळे लावून मासळी धरायची, त्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव करायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी करायची, अशी ही सोय.

आज तीच सोय शेतीच्या मुळावर आली आहे. मासळी जास्त मिळावी म्हणून ऐन भरतीत झडपा उघड्या ठेवल्या जातात. खारे पाणी शेतात तुंबते. खारेपणा सोसणारे कोरगुट भातही त्यात तग धरत नाही. शेत पडीक पडले की खारफुटी उगवते, आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. मग ते शेत कायमचे गेलेच म्हणायचे! १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकऱ्यांच्या जुन्या संस्थांकडून, म्हणजे कोमुनिदादींकडून, कूळ संघांकडे आली, पण कित्येक संघ कागदावरच उरले आहेत.

म्हादईसाठी, म्हणजे मांडवीच्याच वरच्या प्रवाहासाठी, गोवा रस्त्यावर उतरतो, आणि उतरलाच पाहिजे. २०१८ मध्ये म्हादई जलविवाद लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी मंजूर केले. वरून येणारे गोडे पाणी घटले तर खारेपणा आणखी वर सरकेल. अशा वेळी खालचे बांध आपल्याच हाताने ढासळू देणे अक्षम्य आहे. कर्नाटकाशी भांडायला वकील लागतात. मानशीची झडप लावायला गावातला एक जबाबदार माणूस पुरतो.

सरकारने फुटलेले बांध मे संपण्याआधी बांधून घ्यावेत. भरतीत झडप उघडी सापडली की त्याच दिवशी पावणी रद्द व्हावी. मासळीतून किती पैसा आला आणि त्यातला बांधावर किती खर्चला, याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत जाहीर वाचला जावा.